बाबांची किटली

ती. ताईस, धाकटीचा नमस्कार.

तुझी मान आता कशी आहे? भाऊजींचा रक्तदाब आणि त्याबद्दलचं त्यांचं बोलणं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळं ठीक आहे, असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून ते वाक्य तू दुरुस्त करून घे. पत्र एवढ्यासाठी, की मेसेज केला असता तर त्यावर अंगठा उमटवून तू मोकळी झाली असतीस.

घरभर सेन्सर बसव, विजेचा वापर मला फोनवर दिसू दे, असं तू सांगितलंस. बाबा एकटे नीट राहतात असं दिसलं तर घर ठेवायचं, नाहीतर उन्हाळा संपला की विकायचं आणि त्यांना तुझ्याकडे न्यायचं. (यातला पहिला भाग मी बाबांना सांगितला. दुसरा त्यांनी आधीच ओळखला होता.) अट सरळ होती. घर सरळ नव्हतं. स्मार्ट स्विचला न्यूट्रलची तार लागते आणि आपल्या एकाही स्विचबोर्डात ती नाही. वायरमनने पहिला बोर्ड उघडला, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "हे कोणी केलंय?" बाबा म्हणाले, "मी." त्यानंतर काम संपेपर्यंत त्याने एकही प्रश्न विचारला नाही. जिन्यातला दिवा स्वयंपाकघराच्या फ्यूजवर आहे. तुझ्या जुन्या खोलीतला पंखा सगळे फ्यूज काढले तरी फिरत होता. (आता सगळे फ्यूज घातले तरी फिरत नाही.) बाथरूममध्ये हालचाल थांबली की दिवा आपोआप विझतो, आणि बाबा तिथे हालचाल करत नाहीत, वाचतात. पहिल्याच दिवशी आतून अंधारातून आवाज आला, "अगं, इथे बसून मी किती वेळ हात हलवायचे? कोणाला निरोप देतोय का मी?" त्या सेन्सरला आता त्यांची लोकरी टोपी घातलेली आहे आणि दिवा पुन्हा जुन्या बटणावर आहे.

मेन बोर्डावरचं मापन मात्र उत्तम चालतं. एका दुपारी बाबांनी कपाटातले सगळे शर्ट इस्त्रीला काढले, तेव्हा तुला 'असामान्य वापर' अशी सूचना आली आणि तू लगेच फोन केलास. मला. मी मीटिंगमध्ये होते, म्हणून शेजारच्या काकूंना बघायला पाठवलं. त्यांनी सगळं ठीक असल्याची खात्री केली आणि जाताना काकांचे शर्ट ठेवून गेल्या.

इथे एक निरीक्षण. आलेख दिसायला लागल्यापासून तू बाबांना फोन केलेला नाहीस. आधी रविवारचा चुकत नव्हता. बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तिला सगळं दिसतं ना इथलं." ते म्हणाले, "हो गं. पण मला ती कुठे दिसते?" आणि घडी घातलेल्या पेपरची पुन्हा घडी घातली.

आता किटली. रोज सकाळी सहाला आलेखात जो उंचवटा येतो ('बाबा किती नियमित झालेत!' असं तू ज्याखाली लिहितेस), तो किटलीचा. मला तो फार सुबक वाटला. माणूस कधी आधी उठतो, कधी लोळतो, कधी पाणी जास्त घेतो. हा उंचवटा रोज त्याच मिनिटाला आणि तेवढाच. म्हणून परवा सकाळी न कळवता गेले. स्वयंपाकघरात किटली खळखळत होती आणि बाबा आत भिंतीकडे तोंड करून झोपले होते. जागे होते, पण झोपलेले. त्यांनी वायरमनला परस्पर बोलावून टायमर बसवून घेतला आहे. रात्री पाणी भरून बटण दाबून ठेवतात. "कधी कधी उठवतच नाही बघ," म्हणाले. "उठून करायचं काय, तेही सुचत नाही. तुझी ताई काळजी करते. मग मी नाही उठलो तरी किटलीला उठवतो." ते पाणी दुपारपर्यंत तसंच निवत असतं.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या, त्या उंचवट्यावरून बाबा आदल्या रात्री होते, एवढंच सिद्ध होतं.

यंत्रणेचा अहवाल इथे संपला. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. हे तुला सांगणार नाही असं मी बाबांना कबूल केलं होतं. तेव्हा तुला काही माहीत नाही.

ता. क. २ : ॲपवर 'जोडणी उपलब्ध नाही' असं दिसेल. बिघाड नाही, तुझं नाव मी काढलंय. बाबा उठले का हे बघायचं असेल तर सकाळी फोन कर. मोबाइलवर नको, तो उशाशी असतो. हॉलमधल्या जुन्या फोनवर कर. तो घ्यायला उठावंच लागतं. घराचं काय ते ठरव, पण त्यांचा आवाज ऐकून ठरव.

ता. क. ३ : हॉलमध्ये सकाळीही अंधार असतो. फोन घ्यायला आले की ते दिवा लावतात. त्या एका दिव्याचं मापन मी चालू ठेवलंय, फक्त माझ्या फोनवर. अजून एकाही सकाळी तो लागलेला नाही.