डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये

अप्पा, आता सही करायला पेन लागत नाही. अंगठ्याएवढं डोंगल कॉम्प्युटरला लावायचं, पासवर्ड द्यायचा, की दोनशे दाखल्यांवर एका दमात सही उमटते. कायद्यानं ती हाताच्या सहीइतकीच पक्की. औंधच्या गुरांच्या दवाखान्यात नकला साक्षांकित करता करता तुम्ही मान मोडून घ्यायचात, म्हणून मुद्दाम सांगते. आसपास राजपत्रित अधिकारी तुम्ही एकटेच, त्यामुळे दवाखान्यात म्हशींइतकीच मार्कलिस्टांची रांग. "आवं डाक्टर, म्हस थांबंल, पोराची एस्टी न्हाई थांबायची," असं कुणी कळवळून म्हणालं तरी तुम्ही मूळ कागद मागणार, नकलेवर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचणार, आणि तोवर म्हैस बाहेर हंबरत राहणार.

बारावीत असताना मी तुमचा शिक्का वापरला होता. तुम्ही अडलेल्या गाईला सोडवायला गेला होता आणि माझ्या रहिमतपूरच्या मैत्रिणीला मार्कलिस्टच्या साक्षांकित नकलेची घाई होती. तुमची सही मला तुमच्यापेक्षा सुबक यायची. संध्याकाळी तुम्हाला कळलं. कोपरापर्यंत हात धुतलेत आणि चहाही न घेता मला स्कूटरवर मागे बसवून तिच्या घरी नेलंत. तिथे मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवून वाचलंत. नक्कल तंतोतंत निघाली. तरी फाडलीत. "बरोबर होती ना? मग बिघडलं कुठे?" मी रडत विचारलं. "मी बघितलंय, एवढंच त्या सहीत असतं. बघितलंच नसेल तर उरते ती शाई," तुम्ही म्हणालात आणि दुसऱ्या नकलेवर सही केलीत. तिच्या आईनं पोहे दिले. तुम्ही चवीनं खाल्लेत, मी नुसते चिवडत बसले. परतताना आता ओरडा बसणार म्हणून मी अंग चोरून बसले होते, आणि तुम्ही सबंध वाट गाईला झालेल्या कालवडीचं कौतुक सांगत होता.

आज मी सांगलीच्या एका कॉलेजची प्राचार्य आहे आणि माझं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतं, जेवणाच्या डब्याशेजारी. पासवर्ड डोंगललाच चिकटवलेल्या पट्टीवर. कायदा म्हणतो, ज्याची सही त्याच्याच ताब्यात ती असायला हवी. पण कायद्याला सकाळ-संध्याकाळ मीटिंगा नसतात. माझ्या ओळखीतल्या निम्म्या साहेबांच्या सह्या अशाच कुणाच्या तरी लोणच्याच्या वासात नांदतात.

गेल्या महिन्यात आमच्या एका मुलीच्या दाखल्यावर जन्मवर्ष चुकीचं पडलं. दहावीच्या प्रमाणपत्राशी ते जुळेना, म्हणून सैन्यभरतीत धावण्यात पहिली आलेली मुलगी कागदांच्या टेबलावर अडली. कॉलेजनं चूक लेखी मान्य केली तरच फेरतपासणी, तीही चार दिवसांत. तिचे वडील, साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार, काल माझ्या केबिनमध्ये ताठ उभे. मी म्हटलं, "ऑपरेटरची चूक आहे, त्याला मेमो देते." त्यांनी दाखल्याच्या तळाशी बोट ठेवलं. "व्हय म्याडम, पर हितं नाव तुमचं हाय न्हवं?" दारात उभा असलेला ऑपरेटर पुढे झाला. "मॅडम, माझं नाव लिवा. मी हंगामी माणूस, आज न्हाई तर उद्या जायाचाच."

पहिल्या मसुद्यात मी 'तांत्रिक त्रुटी' लिहिलं. इतका गुळगुळीत शब्द, की कुणाचंच नाव त्याला चिकटत नाही. तो फाडला. मग सरळ लिहिलं: हा दाखला मी पाहिला नव्हता, तरी त्यावर माझी सही आहे, चूक माझी. एक प्रत सुभेदारांच्या हाती दिली, एक संस्थेकडे पाठवली. मुलीची फेरतपासणी आता परवा होईल. माझं काय करायचं ते संस्था ठरवेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याच खुलाशात बसेना, म्हणून ती, तुम्ही आता नसलात तरी, तुम्हाला लिहून कपाटात ठेवतेय. ऑपरेटर "माझं नाव लिवा" म्हणाला ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. अप्पा, चांगलं अर्धा मिनिट.