काट्यावरचा घाम

सोमवार, २ डिसेंबर १९५७

आज पुन्हा काट्यावर! स्टोअरमधला पोती तोलायचा काटा, आणि त्यावर आम्ही नऊजण चड्डीवर, एकेक करून. सरावाआधी एकदा, सरावानंतर एकदा. वजन उतरलं तेवढा घाम, आणि घाम तेवढं काम. हा शोध आमच्या हिंदुराव मास्तरांचा. पलटणीतून निवृत्त होऊन कंपनीच्या खो-खो संघाला शिकवायला आलेत, पण पलटण काही अंगातून गेलेली नाही.

मी दोन रतल उतरलो. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा! याला म्हणतात मेहनत!"

मेहनत कसली! गुडघा दुखतो म्हणून घाम फुटतो.

गुरुवार, ५ डिसेंबर

सगळ्यांना एकत्र सोडलं — या खांबापासून त्या खांबापर्यंत, वळून परत. मास्तरांच्या हातात स्टॉपवॉच. वळताना उजवा गुडघा असा कळवळला की तोंडात शिवी आली. गिळली. शेवटचा आलो.

सांगू कुणाला? कंपनीनं मला घेतलं ते पायांसाठी. संघात आहे तोवर पॅकिंगमध्ये काम, काम आहे तोवर ही खोली. आष्टीहून इंदूला आणलं त्याला वर्षही झालं नाही. अजून ती उगाच नळ सोडून बघते. "घरात पाणी येतंय की हो!" म्हणते. बायको इतकी खूश, आणि मी चोरासारखा लंगडणं लपवतोय.

शनिवार, ७ डिसेंबर

सुटी मागितली तर गुडघा कळणार. नाही मागितली तर गुडघा जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मंगळवार, १० डिसेंबर

आज शेवटचा नाही! वजीर माझ्या मागे आला. वजीर म्हणजे संघातला सगळ्यांत वेगवान गडी, चाकणचा. त्याच्या पुढे मी? येताना इंदूला शेव-चिवडा घेतला.

शुक्रवार, १३ डिसेंबर

पुन्हा वजीर मागे. अगदी एका पावलानं. मी काही इतका खुळा नाही.

संध्याकाळी त्याला गाठलं. "दमलो व्हतो, भाऊ," म्हणाला. अंगावर घामाचा टिपूस नाही, आणि म्हणे दमलो! फारच मागे लागलो तेव्हा बोलला — "शेवटच्याला मास्तर काढनार हायती. मला काय, चिंचवडात चाचाचं सायकलचं दुकान हाय. तुमचं हितं कोन हाय?"

'असं करू नको' एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. लाज वाटते.

मंगळवार, १७ डिसेंबर

वजीर काट्यावर सापडला. पळण्यात सगळ्यांच्या मागे, आणि वजन जागच्या जागी! मास्तर भडकले. "कामचोर! घाम कुठाय तुझा?" मग माझ्या खांद्यावर हात टाकून त्याला म्हणाले, "याच्याकडून शिक!"

तो हात झटकावासा वाटला. उभाच राहिलो.

रविवारी शेवटची चाचणी. जो मागे राहील तो संघातून बाहेर, नोकरीतूनही.

गुरुवार, १९ डिसेंबर

इंदूनं खोलीला चुना द्यायला काढलाय. "आता इथंच राहायचं ना?" मी बादली धरून उभा. हो म्हणालो!

नंतर सायकलच्या निमित्तानं वजीरच्या चाचाकडे, चांदभाईंकडे, गेलो. दुकान कसलं — एक छप्पर, एक पंप. चांदभाई कौतुकानं सांगत होते, "पोरगा कंपनीत लागला, मोठं बरं झालं. हितं माझंच भागत न्हाई, त्याचं कुठनं भागावं?"

पंक्चर काढलं त्यांनी, मी पैसे दिले. सायकलला पंक्चर नव्हतंच.

शनिवार, २१ डिसेंबर

वजीरला गेटाबाहेर धरलं. "उद्या खरा पळ. नाहीतर सगळ्यांसमोर मास्तरांना गुडघा दाखवतो."

"आन् वहिनी?" म्हणाला.

"खरा पळ."

घरी आलो. भिंती वाळल्यात. पांढऱ्याशुभ्र. इंदू विचारते, "कशी दिसतीय?" छान दिसते. देवा, फार छान दिसते.

रविवार, २२ डिसेंबर

आज वजीर खरा पळाला. काय पळतो राव! डोळे भरून बघितलं मी — मागून.