माया ठेवून शिवलेला शर्यतीचा सूट

ती. मामा यांसी,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा नमस्कार कागदावरच मानून घ्यावा. सध्या मी खाली वाकलो तर मला परत सरळ करायला घरात माणसं कमी पडतात.) आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे तुमची भाचेसून आणि आमची मुलगी. माझे दोन्ही गुडघे, उजवा खांदा आणि मांड्यांची आतली बाजू सोडून मीही खुशाल आहे.

तुमची तब्येत कशी आहे ते विचारत नाही, कारण मामीनं फोनवर सगळं सांगितलं आहे. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, टाके सुकले, फिजिओवाल्या बाई रोज येतात आणि तुम्ही रोज त्यांच्याकडे पाठ करून झोपेचं सोंग घेता. डॉक्टरांनी बजावलं आहे की हे असंच चाललं तर सांधा आखडेल आणि मग मनात आणलं तरी उभं राहता यायचं नाही. तर हा विषय मी ह्या पत्रात काढणार नाही. मामीनं मला शपथ घातली आहे. हे पत्र फक्त शर्यतीबद्दल आहे.

शर्यतीच्या फंदात मी पडलो तेही तुमच्यामुळेच, म्हणून सविस्तर कळवणं भाग आहे. मागच्या भेटीत मी तुम्हाला चार पावलं चाला म्हणालो, तेव्हा तुम्ही म्हणालात की जो माणूस दिवसभर मशीनपुढच्या स्टुलावरून बूड हलवत नाही त्यानं मला चालायला शिकवू नये. मला राग आला. त्या स्टुलावर मला बसवलं कुणी? आमच्या वर्गातली बाकीची मुलं मैदानात होती तेव्हा मी तुमच्या दुकानात शर्टांची काजं करत होतो. परत येताना सगळ्या रस्ताभर मी मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत होतो. दुसऱ्या दिवशी दुकानात आमचे पंपवाले आले. (हे सायकल क्लबाचे सेक्रेटरी. कधीही बघा, पिशवीत हवा भरायचा पंप असतो. गिऱ्हाईक म्हणून चांगले, पण मापं घेताना पोट आत ओढतात.) त्यांच्या क्लबाच्या जाकिटांच्या चेनी बदलायच्या होत्या. ते म्हणाले, आमची एक शर्यत आहे, तिच्यात पोहणं, सायकल आणि धावणं असं तिन्ही असतं. मी म्हटलं, माझंही नाव घाला. त्यांनी विचारलं, छोटी की लांब पल्ल्याची? मी रागात होतो. छोटं काही घ्यायची माझी मनःस्थिती नव्हती.

इथं माझी जी चूक झाली ती फक्त आपल्याच धंद्यातला माणूस करू शकतो. थ्री-पीस सूट शिवायचा तर कोटाची ट्रायल वेगळ्या दिवशी, विजारीची वेगळ्या, जाकिटाची त्याहून वेगळ्या. तीन नग, तीन तारखा. मी धरून चाललो की पोहणं एका रविवारी असेल, सायकल पुढच्या आणि धावणं जेव्हा जमेल तेव्हा. तिन्ही एकाच दिवशी, एकामागून एक, मध्ये आंघोळसुद्धा न करता, हे मला कळलं तोवर बातमी गल्लीभर झाली होती. कापडवाला हात मिळवून गेला होता. समोरच्या इस्त्रीवाल्यानं तर मला बघून इस्त्री खाली ठेवली. आता मागे फिरायची सोय नव्हती.

सरावाचं लांबण लावत नाही. काही आठवडे सकाळी दुकान उशिरा उघडलं आणि संध्याकाळी लवकर मिटलं, त्यामुळे दोन ब्लाउज आणि एक सफारी वेळेवर गेले नाहीत. पोहता मला येतं, म्हणजे बुडता येत नाही इतपत येतं. मुख्य प्रश्न कपड्याचा होता. पंपवाल्यांनी त्यांचा शर्यतीचा सूट दाखवला. मामा, तो कपडा नव्हे, सालपट आहे. अंगाला चिकटलेला, खिसा नाही, आणि शिवण उलटवून पाहिली तर आत माया नावालाही नाही, दोन कडा नुसत्या चिकटवल्यासारख्या. तुम्ही मला पहिल्याच वर्षी शिकवलंत की माया ठेवायची, शिवणीच्या आत बोटभर तरी जादा कापड दुमडून ठेवायचं, उद्या गिऱ्हाईकाचं अंग सुटलं तर उसवून वाढवून देता आलं पाहिजे. असला बिनमायेचा कपडा विकत घेऊन अंगावर चढवायचा आणि वर बोर्ड लावायचा टेलर म्हणून, हे माझ्याच्यानं होईना. ताणणारं कापड आणलं, स्वतःची मापं स्वतःच घेतली (पाठीचं माप भाचेसुनेनं घेतलं आणि आकडा दोनदा मोठ्यानं वाचला) आणि सूट शिवला. सगळीकडे भरपूर माया ठेवली. मांड्यांना तर दुप्पट ठेवली, कारण तिथं माझं अंग सुटायची शक्यता जास्त. दोन खिसे, कॉलर आणि बटणं लावली. फिनिशिंग असं की तुम्हीसुद्धा खोट काढली नसती.

आता शर्यतीचा दिवस. तळ्याच्या काठी सकाळी इतकी माणसं होती की पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसत होती. प्रत्येकाला कमरेला बांधायला हवेचा एक नारिंगी फुगा देतात, दमलं तर त्याला धरून तरंगायचं. तो बगलेत धरून मी बटणं चाचपत होतो, आणि सवयीनं कॉलरला टोचून ठेवलेली सुई त्यात कधी गेली ते मला कळलं नाही. पाण्यात शिरलो तेव्हा फुगा होता, मधोमध पोचलो तेव्हा चिंधी होती. त्यातच दोन्ही खिशांत पाणी भरलं. खिसे मी मजबूत शिवलेले, त्यामुळे फाटेनात आणि रिकामेही होईनात. होडीवाल्यानं जवळ येऊन विचारलं की बसताय का आत. मी नाही म्हटलं, कारण तो होडीत बसवतो ते शर्यतीतून काढण्यासाठी, हे मला पंपवाल्यांनी सांगून ठेवलं होतं. मग तो माझ्या शेजारून काठापर्यंत होडी हाकत आला. त्याची मुलगी कॉलेजात कुठला विषय घेऊन शिकते ते सगळं मला समजलं. मी फक्त तोंड वर असेल तेव्हा हुंकार दिला.

सायकलवर बसलो आणि मायेचा प्रताप सुरू झाला. आत दुमडलेलं ते बोटभर कापड ओलं होऊन करवतीसारखं झालेलं, आणि प्रत्येक पायडलला मांडीवर एकेक हात मारत होतं. पहिल्या टेकडीपर्यंत मी सोसलं. दुसरीला मला तुमची आठवण आली, ती कशा शब्दांत आली ते लिहीत नाही. शेवटी एका बंद गॅरेजच्या भिंतीआड सायकल लावली, सूट उतरवला आणि उलटा करून घातला. शिवणी बाहेर, गुळगुळीत बाजू आत. उरलेली शर्यत मी उलट्या कपड्यात केली आणि दोन्ही खिसे दोन्ही बाजूंना शेळीच्या कानांसारखे हलत होते. रस्त्यावरच्या एका बाईंनी हाका मारून सांगितलं की भाऊ, सूट उलटा घातलाय. मी त्यांना माझा धंदा सांगितला नाही.

सायकल संपते तिथं एका मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. बूट बदलायचे आणि पळत सुटायचं. मी बूट बदलले आणि बसून राहिलो. दुखत होतं, पण त्यासाठी नव्हे. मला उठायची भीती वाटली, मामा. पाय माझे आहेत असं वाटतच नव्हतं. उठलो आणि पायांनी धरलं नाही तर सगळ्यांदेखत आडवा होईन, लोक धावत येतील, काखेत हात घालून उचलतील, काका जपून म्हणतील. त्यापेक्षा बसलेलं बरं. बसलेल्या माणसाला कुणी पडताना बघत नाही. किती वेळ बसलो कोण जाणे. रडूही आलं थोडं, घामात खपून गेलं. (मी हे शर्यतीबद्दलच लिहितो आहे.) शेवटी तिथली व्यवस्था बघणारी एक बाई आली आणि म्हणाली, काका, खुर्च्या मंडपवाल्याच्या आहेत, त्याची गाडी आली आहे, उठता का? तिनं धीर दिला नाही, कौतुक केलं नाही, तिला फक्त खुर्ची हवी होती. मी उठलो. दोनदा मंडपाचा खांब धरला, पण पडलो नाही. पडलो असतो तरी तिनं आधी खुर्चीच उचलली असती, असं मला वाटतं.

धावण्याचा भाग मी चाललो. माझ्यामागे सगळ्यात शेवटची गाडी हळूहळू येत होती, दमलेल्यांना उचलणारी. तिच्या ड्रायव्हरनं काच खाली करून चड्डीची उंची कमी करायला काय घ्याल विचारलं, मी दुकानाचा पत्ता दिला. ऊन उतरलं तेव्हा मी शेवटाला पोचलो. तर मामा, दिवसभर स्टुलावर बसणाऱ्या तुमच्या भाच्यानं अशी शर्यत पुरी केली. मामीस नमस्कार. भाचेसुनेचाही नमस्कार, ती म्हणते दोघांची आठवण येते. मला तुमची जरा जास्तच येते.

आपला आज्ञाधारक (एवढी एक शर्यत वगळून),
भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी भाचेसुनेनं वाचलं. ती म्हणते खरं काय ते लिहा. पुरी केली म्हणजे, वेळेची मुदत कधीच संपली होती. शेवटाची हवा भरलेली कमान काढून त्यांनी घडी घालायला घेतली होती. मी त्या घडीवरून पाय टाकून पलीकडे गेलो. निकालात माझं नाव नाही. कमानीची शिलाई मात्र अगदीच कच्ची होती.

पुन्हा ता. क. पंपवाले शर्यतीचे दोन सूट शिवायला टाकून गेले. मांडीला माया नको म्हणाले.

आणखी एक, आणि पत्र लिहायचं कारण हेच. येत्या रविवारी सकाळी मामी तिच्या बहिणीकडे जाणार आहे. ती खुशाल गेलेली असेल, तिला हाका मारू नका. ती गेल्यावर मी येऊन बेल वाजवीन. माझ्याकडे किल्ली नाही, शेजाऱ्यांकडची मामीनं परत आणली आहे. फिजिओवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या पलंगापासून दारापर्यंत चालणं केव्हाच जमायला हवं होतं. वॉकर पलंगाच्या उशाशी असेल, वाटेतली सतरंजी मामी काढून ठेवील, मध्ये जेवणाच्या टेबलाला टेकून दम खाता येईल. पडलात तर मी दार फोडून आत येईन, पण ते माझ्याशिवाय कुणी बघणार नाही, आणि मला कुठं कुठं खांब धरावे लागले ते आता तुम्हाला ठाऊक आहेच. मी दाराबाहेर उभा असेन. मला काही घाई नाही. बेल मी एकदाच वाजवीन.