दिल्लीत कुठे उतरावं

कट्टा, ता. मालवण
२० जानेवारी २०२५, सोमवार

चि. गौरजा हिला आजीचा आशीर्वाद.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. गाय व्याली, पाडी झाली. आंब्याला मोहर आहे पण सकाळचं धुकं पडतं, तेव्हा त्याचं काही खरं नाही. माझा गुडघा होता तसाच आहे. तू जेवतेस की नुसता चहा ढोसतेस ते मला कळत नाही, फोनवर तुझा आवाज पातळ लागला.

तू फोनवर विचारलंस, आजी, तुम्ही दिल्लीला कुठे उतरला होता, कुठे कुठे गेला होता, मला नीट सगळं सांग. मी म्हटलं गायीला पाणी दाखवायचं आहे आणि फोन ठेवला. गाय कधीच पाणी प्यालेली. पण तुझी आई बाजूला कुळीथ पाखडत होती, आणि आपला फोन असा आहे की पलीकडचं बोलणं अर्ध्या वाडीला ऐकू जातं. म्हणून लिहिते आहे. चौथीत पाटी सुटली माझी, तेव्हा ऱ्हस्व दीर्घ बघत बसू नकोस.

तर तुझं म्हणणं असं, की वैशाखात लग्न, पत्रिका छापायला द्यायची, आणि बाबांच्या नावाआधी श्री. घालायचं की कै. ते ठरत नाही. ओमकारच्या घरच्यांनी तसं विचारलंय. वाईट विचारलं नाही, विचारायला नको का त्यांनी. तुझी आई म्हणते श्री. म्हणजे श्री., त्यावर बोलायचं नाही. तुझा चुलत आजोबा भाई, माझा दीर, तो म्हणतो लोक हसतील. म्हणून तू पुण्याहून परस्पर दिल्लीला जाणार, बाबांच्या जहाजाची चौकशी जिथे होते त्या कचेरीत शेवटचं विचारणार आणि मग पत्रिका छापणार. आईला सांगायचं नाही असं तू आधीच्या फोनवर म्हणालीस, तेव्हा ती गोठ्यात होती. नाही सांगितलं.

आधी उतरायचं सांगते.

जितेंद्रकडे उतरू नकोस. आपल्या वाडीतला, सरकारी नोकरीला तिकडे, क्वार्टर आहे त्याला. पहिल्या खेपेला भाई आम्हाला त्याच्याकडेच घेऊन गेला. पहिल्या दिवशी बर्फातली कोळंबी रांधली, आपलंच घर समजा म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने विचारलं, परतीची तिकिटं कधीची आहेत. मी तिला बोल लावत नाही. खोली एक, त्यांची चार माणसं, वर आम्ही तिघं. आणि तुझी आई न्हाणीत गेली की नळ सोडून रडायची, टाकी रिकामी व्हायची. दुसऱ्याच्या पाण्यावर रडायला किती दिवस मिळणार.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघीच गेलो. भाई आला नाही, त्याची कुळथाची पेरणी होती. पहाडगंजात एक धर्मशाळा आहे, तिथे गेलो. तिथला माणूस जाडा, मफलर गुंडाळून बसलेला. बाईमाणसांना खोली द्यायला तयार नाही. आदमी कौन है साथ में, हेच धरून बसला. मी त्याला चार शब्द सुनावणार होते, माझं हिंदी त्या कामाला पुरतं. पण त्याआधी तुझी आई म्हणाली, "पीछे से आ रहे हैं." आणि त्याने विचारलं तसं नाव सांगितलं, वय सांगितलं, धंदा सांगितला, जहाजावर रांधपी म्हणून. त्याने लिहून घेतलं आणि तीन खाटांची खोली दिली, तीन रजया दिल्या. तितके दिवस तुझा बाप कागदावर आमच्यासोबत उतरलेला होता. थंडी अशी होती की हाडं वाजत. तिसरी रजई मी घेतली. तुझी आई तिला हात लावत नव्हती, आणि मी घेतली म्हणून माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

तुला आता कोणी असलं विचारणार नाही. तुझ्याकडे आधारकार्ड आहे आणि तोंड आहे. तरी तिथे जाऊ नकोस, ढेकूण आहेत.

जेवायचं गुरुद्वारात. बंगला साहिब म्हणतात त्याला. डोक्यावर पदर घेऊन मांडी घालून बसायचं, रोटी दोन्ही हातांत घ्यायची. डाळ दाट, आपल्यासारखी नाही, खोबरं कुठे नाही. पण तू कोण, कुठची, कशाला आलीस, हे कोणी विचारत नाही. मला तेच बरं वाटलं. इकडे तेव्हा मी अंगणात उभी राहिले तरी लोक विचारायचे, काय कळला काय गो.

कचेरीत आत जायला पास करावा लागतो. फोटो लागतो. डबा आत नेऊ देत नाहीत, माझी घावन-चटणी त्या शिपायाने फाटकापाशी ठेवून घेतली आणि परत येईपर्यंत चटणी संपलेली होती. खिडकीवरचा माणूस कागद बघतो आणि सोमवारी या म्हणतो. आजच सोमवार असला तरी सोमवारी या म्हणतो. मग मधले दिवस करायचं काय, हा खरा प्रश्न असतो, आणि तू मला तेच विचारलंस. ऐक तर.

खोलीत बसू नकोस. तुझी आई खोलीत बसली की फोन मांडीवर घेऊन बसायची. म्हणून मी तिला ओढून बाहेर काढायचे. लाल किल्ल्यात चालायला फार आहे आणि आत बसायला कुठे नाही. मेट्रोचे जिने आपले आपण वर जातात, तिथे साडी उचलून धर, तुला साडी नसणार, मग असू दे. प्राण्यांची बाग आहे, ती बघ. वाघ आहे. पिंजऱ्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा फेऱ्या घालत होता. तुझी आई किती वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्येकाव कोणी सोमवार सांगितलेलो दिसता." मला हसू आलं, तिला आलं नाही.

तुझ्याकडे आमचा एक फोटो आहे. इंडिया गेटसमोर दोघी उभ्या, तुझी आई साडीवर माझा स्वेटर घालून, आणि तोंडभर हसतेय. तू एकदा चिडून म्हणाली होतीस, तुम्ही दिल्ली फिरायला गेला होता. वाडीतही तसंच म्हणत होते. आता त्या फोटोचं सांगते, म्हणजे ती कचेरी कसली आहे ते तुला कळेल.

दुसऱ्या खेपेला आम्ही का गेलो ठाऊक आहे? त्या कचेरीचं पाकीट आलं म्हणून. निलेश पोस्टमनने आणलं, तू शाळेत होतीस. पाकिटावर तुझ्या आईचं नाव. श्रीमती सुनीती विश्राम घाडी.

तिने तेवढंच वाचलं आणि पाकीट खाली ठेवलं. आपल्याकडे श्रीमती कोणाला लिहितात ते तुला शिकवायला नको. मला लिहितात, तुझा आजोबा गेल्यापासून. तिला तोवर सगळे सौ. लिहीत होते, दुधाच्या डेअरीतसुद्धा. भाईने पाकीट उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, सरकारानच लिवल्यान, आता काय रवला. तुझ्या आईने बांगड्या हातातून काढल्या आणि देवळीत ठेवल्या. फोडल्या नाहीत, काढल्या. खालच्या घरची सावित्री पदर डोळ्याला लावून येऊन बसलीसुद्धा. आणि एवढ्या माणसांत पाकीट कोणी फोडलेलं नव्हतं. मी फोडलं. आत हिंदीत चार ओळी, पत्रव्यवहार चालू आहे, कळवू. दुसरं काही नाही.

तू शाळेतून आलीस तेव्हा बांगड्या परत हातात होत्या. पण तिने धरलं, की तो शब्द त्यांनी खोडून द्यायला पाहिजे. शब्द खोडायला आम्ही दिल्लीला गेलो, गो. दुसऱ्या कशाला नाही.

तो खिडकीवरचा माणूस दोनदा ऐकून घेऊनही समजेना. तिसऱ्यांदा मी कपाळाला हात लावून, माझ्या रिकाम्या गळ्याला हात लावून दाखवलं, तेव्हा त्याला उमगलं. मग तो खुर्चीतून उठला. म्हणाला, "माताजी, श्रीमती तो इज़्ज़त से लिखते हैं. मेरी घरवाली भी श्रीमती है, और मैं तो आपके सामने खड़ा हूँ."

तुझी आई जिन्यात हसायला लागली. कठडा धरून हसली. बाहेर येऊन जिलबी खाल्ली, मला खायला लावली, रस्त्यावरच्या फोटोवाल्याला स्वतः हाक मारली. त्या दिवशी तिला असं वाटलं की तुझा बाप परत मिळाला. एका खिडकीवरच्या माणसाला बायको होती म्हणून. तो फोटो त्या दिवसाचा आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबबाईंनी बोलावलं. तुझ्या मावशीच्या वयाची असेल. बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. त्या कचेरीत तोवर आम्हाला कोणी पाणी विचारलं नव्हतं. चहा आला तेव्हाच मी समजले.

तिने सगळं सांगितलं, सावकाश, समजेल अशा हिंदीत. वादळात जहाज कलंडलं. वर डेकवर होते ते पाण्यात पडले, त्यातले काही मिळाले. आत होते त्यातलं कोणी बाहेर आलं नाही. तुझा बाप आत होता, जेवणाची वेळ होती, तो रांधत होता. जहाज तळाला आहे आणि तळ फार खोल आहे. मी विचारलं, शोधतात ना अजून? ती म्हणाली, "नहीं माताजी. अब कोई नहीं ढूँढ रहा." मग म्हणाली, तुम्हाला हवा असेल तर तसा दाखला देता येईल. तुझी आई म्हणाली, नको. चहा संपवून कप खाली ठेवला आणि उठली.

म्हणजे तिने ऐकलं आहे, बाय. माझ्याइतकंच ऐकलं आहे. तिला काही कळलेलं नाही अशातला भाग नाही. खाली फाटकाशी आलो आणि तिने मला विचारलं, "आता खंय जावया?"

मी म्हटलं, "कुतुबमिनार रवलो आसा."

मग आम्ही कुतुबमिनार बघितला. उंच आहे. ती त्याच्याभोवती फिरून आली, मी बाकावर बसले. त्यानंतर आजवर आमच्या दोघींत त्या बाईचं नाव निघालेलं नाही. ती कुंकू लावते, मी बघते. वटपौर्णिमेला ती पूजेला जाते आणि मी घर राखते. लोक मला जिभेची म्हणतात, पण इतकी वर्षं मी तिथे जीभ घातली नाही.

तेव्हा तू दिल्लीला जाऊन काय विचारणार? ती बाई आता तिथे असेल नसेल. दुसरं कोणी असेल तर कागद शोधेल, सोमवारी ये म्हणेल, आणि शेवटी तुला चहा देईल. तुझ्या लग्नाच्या आधी तू एकटी त्या खुर्चीत बसून तो चहा पिऊ नयेस, असं मला वाटतं. आणि समज तू तिथून काही घेऊन आलीस. मग पत्रिकेवर कै. तुझ्यामुळे पडेल. मुलीने बापाच्या नावामागे ते लावलं असं तुझी आई मनात धरेल, मरेपर्यंत. श्री. छापलंस तर मंडपात ज्याला त्याला वाटेल बाप कुठेतरी पळून गेलाय आणि मुलीच्या लग्नालाही आला नाही. तेही मी होऊ देणार नाही. माझा मुलगा पळणारा नव्हता.

शनिवारी मी भाईला घेऊन कसालला छापखान्यात गेले. घरी सांगितलं गुडघा दाखवायला जाते. पत्रिकेचा मजकूर दिला. तो पोरगा कॉम्प्युटरवर लिहीत होता, तुझ्या बापाच्या नावाशी आला आणि थांबला. ओळखतो तो आपल्याला. म्हणाला, "आजी, नक्की मां? मागसून बदलूक येवचा नाय."

मी म्हटलं, "माझो झिल तो. नाव मी ठेवलंय, आता ह्यां अक्षरय मीच ठेवतंय."

भाई बाहेर जाऊन उभा राहिला.

तुझ्या आईच्या नावाआधी काय लावायचं ते मी सांगितलेलं नाही. नुसतं सुनीती लिही म्हटलं, मागे पुढे काही नको. तो म्हणाला, असं बरं दिसत नाही. म्हटलं, दिसू दे. ते तिचं आहे, ती काय ते ठरवेल, किंवा नाही ठरवणार.

तिला अजून माहीत नाही. हे पत्र निलेशच्या हातात दिलं की मग सांगणार, म्हणजे मला मागे फिरायला वाट राहणार नाही. ती काय करेल सांगता येत नाही. रडणार नाही, ते तिने तिकडेच संपवलं. माझ्याशी बोलणार नाही, आणि ते एका दिवसापुरतं असणार नाही. तुझ्या लग्नात मला पानात वाढायलाही ती यायची नाही. आम्ही दोघी ह्याच घरात राहणार, तिला माहेरी कोणी नाही आणि मला जायला जागा नाही. म्हातारीने मुलाला आपल्या हाताने मारलं असं वाडी म्हणेल. म्हणू दे. तुला म्हणायला नको आणि तिला म्हणायला नको, मला म्हणून काय कमी होणार आहे.

दिल्लीला जायचं तर लग्न झाल्यावर जा, ओमकारला घेऊन. चांगल्या हॉटेलात उतरा, स्टेशनपासून लांब. थंडीत जाऊ नका. त्या कचेरीच्या रस्त्याने जाऊ नकोस.

तू आता रडशील. आधी जेव, मग रड.

तुझी आजी
तुळसा
कै. विश्रामची आई