दुधी काचेतला माणूस

३ नोव्हेंबर १९४६, इस्लामपूर
पोचलो एकदाचा! नानासो स्वतः मोटारस्टँडवर आले आणि माझी ट्रंक खांद्यावर घेऊन चालू लागले. लढाईवरून परतलेल्या जवानांना फोटो हवेत, म्हणून त्यांनी बंद पडलेला स्टुडिओ माझ्या हवाली केलाय. जेवण त्यांच्या भावजयीकडे, अंबूबाईंकडे. आज पिठलं अन् गरम भाकरी. लाकडी कॅमेरा देखणा आहे, फक्त शटर अडकलंय. तो अंबूबाईंच्या नवऱ्याचा, सयाजींचा. ते लढाईच्या काळातच नाहीसे झाले म्हणे.

५ नोव्हेंबर
सकाळी शटर खोललं. गंज नाही, स्प्रिंगही ठणठणीत. पात्यांमध्ये शिवणाची सुई तिरपी खुपसलेली! चिमट्याने काढली, तशी पाती खट्कन उघडली. नानासो खूश. अंबूबाई मात्र धावत आल्या. सुई त्यांनीच घातली होती.
“आमचं मालक त्या काळ्या कापडाखाली शिरलं, ते भाईर आलंच न्हाईत. त्येंच्या जागी दुसरं कोन येऊ ने, म्हून घातली वो.”
दुःखाने बाईंचं मन बिथरलं असावं.

६ नोव्हेंबर
कापडाखाली डोकं घातलं. मागच्या दुधी काचेवर खोली उलटी दिसली. ते नेहमीचंच. छत खाली, खुर्ची वर. पण मधोमध एक माणूस उभा होता, पाठमोरा. सुलटा.
बाहेर पाहिलं. कोणी नाही.
भिंग समोरचं सगळं उलटं करतं. मग हा समोर नाहीच. हा आत आहे.

७ नोव्हेंबर
सुई परत घालू पाहिली. पाती हलेनात, उघडीच. काचेवर तो वळलाय — माझ्याकडे. नानासोंना दाखवला. त्यांना दिसला नाही. हसले, अन् सांगलीला सामान आणायला गेले.

९ नोव्हेंबर, दुपार
काच रिकामी. बरं वाटायला हवं होतं —
जेवायला गेलो. अंबूबाईंच्या कपाळी ठसठशीत कुंकू. म्हणाल्या, मालक आलं. पडवीत कोणीतरी पाठमोरं जेवत होतं. मी म्हणालो, बाई, तुम्हीच तर सांगितलं होतं — त्यांनी ऐकलंच नाही. भाकरीमागून भाकरी वाढत राहिल्या. एवढ्या आनंदात त्यांना कधी —

स्टुडिओत परतलो. ट्रंक भरतो. आता लगेच.

नाही जमलं. दोघं दारात.
“आवं, बसा की खुर्चीत. त्यास्नी तुमचा फोटू काडायचा हाय.”
बसलो. का बसलो? पाय उचलत नाहीत. वही मांडीवर —
अंबूबाई कौतुकाने बघताहेत. त्याने कापड डोक्यावर घेतलं. शटर आपोआप मिटतंय. खोली उलटी होतेय, मी तेवढा सुलटा —