पूर्णा भर दुपारी आली

प्रिय प्रियदर्शनी,

सप्रेम जयभीम. पुराचं नाव काढलं की फोनवर तू रडायला लागतेस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या भावाने, धम्मदीपने, नोकरीच्या गावी बसून ऐकलेलं अर्धंमुर्धं तुला सांगितलं. आता माझ्याकडून ऐक.

उन्हाळ्यात तू तुझ्या नद्यांच्या अभ्यासातून सुट्टी काढून अमरावतीहून आलीस तेव्हा आपण पूर्णेच्या कोरड्या पात्रात उभ्या होतो. माझ्या लहानपणी होळीपर्यंत इथे धार असायची; आता दिवाळीलाच गोटे उघडे पडतात. तू म्हणालीस, आई, हवा तापली तसा पाऊस बदलला. महिनाभराचा एका दिवसात ओततो, जमिनीत मुरायला वेळच मिळत नाही. म्हणून नदी एकदा अंगावर येते आणि मग वर्षभर तोंड दाखवत नाही.

हेच मी ग्रामसभेत सांगितलं, तर नत्थुजी हसले. "नदीत घागर बुडत नाई, अन् पंचफुलाबाई पुराच्या गोष्टी करून राहिल्या!" काठावरचं पहिलं घर त्यांचंच. माझ्या अंगणवाडीत येणाऱ्या बायांना मात्र पटलं. पाणी आलं तर कोणी कोणाला उचलायचं, कुठे जायचं, आम्ही ठरवून ठेवलं.

श्रावणात एका दुपारी गावात लख्ख ऊन होतं, आणि नदीच्या वरच्या गावातून, तिथल्या अंगणवाडीच्या गंगूबाईचा फोन आला. "मेळघाटात लय पडला. आमच्या पुलावरून पानी चाललं, निंगा लवकर!" आम्ही निघालो. लेकरं, म्हातारे, बाळंतीण आरती, सगळ्यांना टेकाडावरच्या विहारात नेलं. नत्थुजी तेवढे हलेनात. म्हशी सोडून कसा येऊ, म्हणे. मी सरळ गोठ्यात शिरले आणि दावीच सोडली. म्हटलं, "म्हशी तुमच्याहून चांगल्या पोयतात. चला आता!" ते संतापून माझ्या मागे आले, मला बोलायलाच. टेकाडावर पोचून वळून पाहिलं, तर त्यांच्या दारातून पाणी आत शिरत होतं.

भिंती पडल्या, काठची कपाशी गेली. माणूस एकही गेला नाही. आजवर आपल्या घरचा चहाही न घेतलेले नत्थुजी त्या संध्याकाळी विहारात पंगतीला बसले आणि खिचडी मागून जेवले. पुढच्या ग्रामसभेत ते स्वतःच उठले. "अंगणवाडी टेकाडावर न्या. बाई सांगतीन त्या जागी."

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. व्हिएतनामला मेकाँग नदीवरच्या कामासाठी तुला बोलावलं, आणि 'आई नदीकाठी एकटी असते' म्हणून तू नकार द्यायला निघालीस, हे मला परवा धम्मदीपकडून कळलं. मला विचारलंसही नाहीस. बाई, तुझं मी ऐकलं म्हणून काठावरची घरं वेळेत रिकामी झाली. आता माझं तू ऐक. त्या नदीच्या काठीही कोणाकोणाच्या आया राहत असतील. आजच कळव त्यांना, येते म्हणून.

नदीकाठी राहणारी, पण एकटी नसलेली,
तुझीच आई