आवाज तुटतोय

३ मार्च, रविवार

डोकं उठलंय! पुन्हा तेच. शब्दकोडं अर्ध्यावर आणि बाबा स्क्रीनवर पुतळा. तोंड अर्धवट उघडं, चष्मा नाकावर, मागे खिडकीचा पडदा – सगळं जागच्या जागी थिजलेलं. मी इकडे 'हॅलो बाबा, हॅलो' करून घसा कोरडा करतेय आणि शेजारच्या खोलीतून नवरा सांगतोय, 'हळू गं, अख्ख्या बिल्डिंगला कळलं.'

दर रविवारी सकाळी एवढं अर्ध्या तासाचंच तर बोलणं असतं आमचं. पेपर तोच, कोडं तेच. ते त्यांच्या गावी, मी इथे. मी वाचायचं, त्यांनी उत्तर द्यायचं. लहानपणापासूनचा शिरस्ता. तेव्हा मी त्यांच्या सुतारकामाच्या दुकानात ढलप्यांच्या ढिगात बसून वाचायचे आणि ते रंधा मारता मारता उत्तर फेकायचे. माझं वाक्य संपायच्या आत! रंध्याचा हात काही थांबायचा नाही.

आणि आता? एकेक शब्द तीनदा वाचायचा. 'पुन्हा वाच गं चिंगे, तुटलं.' आग लागो त्या कंपनीला.

५ मार्च

कस्टमर केअर. आधी बासरी. मग 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे'. मग पुन्हा बासरी. भाजी करपली तेव्हा कुठे एक मुलगी बोलली.

'राउटर बंद करून चालू केलात का मॅडम?'

अगं बाई, बंद-चालू करून करून माझ्या बोटाला घट्टा पडला! माणूस पाठवते म्हणाली.

७ मार्च

तारवाला आला. राउटर हातात घेऊन इकडून बघितला, तिकडून बघितला, फुंकर मारली. निदान – 'भिंत जाड आहे.'

'भिंत तुमच्या कंपनीच्या आधीपासून आहे हो इथे,' मी म्हटलं. तेवढ्यात आतून नवऱ्याची बोंब – त्याची मीटिंग तुटली. तारवाल्याच्या डोळ्यांदेखत! तर म्हणतो कसा, 'असं मी पहिल्यांदाच बघतोय.' मग राउटर बाबांनी केलेल्या उंच स्टुलावर नेऊन ठेवला आणि गेला. त्या स्टुलावर माझी कुंडी असायची. आता कुंडी जमिनीवर आणि नेट होतं तिथेच.

नवऱ्याला म्हटलं, कंपनी बदलूया. 'थांब जरा.' लग्न झाल्यापासून हा माणूस दुसरं वाक्य शिकलेला नाही. आजपासून मी त्याला थांबराव म्हणणार.

१० मार्च, रविवार

बाबांना सांगितलं, नवीन कंपनीचं नेट घेतेय. मला वाटलं खूश होतील. कसलं काय!

'कशाला? चाललंय ना.'

'काय चाललंय बाबा? एक वाक्य धड ऐकू येत नाही.'

'थोडं तुटतं, मग काय बिघडलं? आपल्याला कुठे गाडी पकडायचीय? उगाच भिंतीला भोकं पाडू नकोस.'

मी चिडले. म्हटलं, तुम्हाला काय, ओरडावं मला लागतं! तर म्हणाले, 'दोघांनाही लागतं गं.' आणि लेक कितवीत आहे ते दुसऱ्यांदा विचारलं. आधी मी सांगितलं होतं, पण ते यांच्यापर्यंत पोचलंच नसणार. घ्या! म्हणजे आवाज दोन्हीकडून तुटतो.

थांबराव कान देऊन ऐकत होते. 'बघ, बाबासुद्धा नको म्हणतायत.' सासरा-जावई एका बाजूला. आजवर ज्यांचं पंख्याच्या वेगावरसुद्धा पटलं नाही, ते!

१२ मार्च

दुकानात आज मजा. (मजा कसली, चष्म्याच्या दुकानात जेवढी होईल तेवढी.) एक आजोबा नंबर तपासायला आले. डोळ्यापुढे काच धरायच्या आत सगळा तक्ता खालपर्यंत घडाघडा म्हणून मोकळे. पाठ करून आले होते! सून बरोबर होती, तिला दाखवायचं होतं की गाडी अजून चालवू शकतो. मी गोड आवाजात म्हटलं, 'छान! आता हीच ओळ उलटी वाचा बघू.' आजोबा सुनेकडे बघायला लागले. दुकानातले सगळे हसले.

जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. पण मला असं कुणी बनवू शकत नाही. इतकी वर्षं काय उगाच घासली या धंद्यात?

१४ मार्च

म्हटलं, बाबांच्या बाजूनेच काही नसेल ना? त्यांच्या शेजारच्या मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, 'छे, तुमच्या बाबांचं नेट उत्तम आहे. मी मॅच बघायला तिथेच जातो. एकदा अडकेल तर शपथ.' पुढे काहीतरी सांगायचं होतं त्यांना – 'एकदा येऊन जा तुम्ही' – पण मी घाईत होते.

म्हणजे खोट आमच्याच घरात. सिद्ध झालं!

१५ मार्च

नवीन कंपनीची बाई घरी येऊन माहिती देऊन गेली. गुळगुळीत कागद, गुळगुळीत बोलणं. 'मॅडम, समोरचा माणूस अगदी शेजारी बसल्यासारखा वाटेल.' मला तेवढंच हवंय, बाकी ते आकडे तुमचे तुम्ही ठेवा.

थांबराव ते आकडे घेऊन बसलेत. आता तुलना करणार. म्हणजे दिवाळं वाजलं माझ्या वेळेचं.

१६ मार्च

जुन्या कंपनीला 'बंद करा' सांगायला फोन केला – आणि काय आश्चर्य! बासरी नाही, काही नाही, पहिल्या घंटीला माणूस हजर. आवाज असा, जणू मी माहेर सोडून चाललेय. 'मॅडम, इतकी वर्षं तुम्ही आमच्या कुटुंबातल्या. आमचं काही चुकलं का?' दोन महिने फुकट देतो म्हणाला. थांबरावांचे डोळे चमकले. 'दोन महिने थांबून बघूया?'

मी त्या दोघांवरही एकदमच ओरडले. कुणावर आधी, ते आठवत नाही.

१७ मार्च, रविवार

बाबांनी आज कोड्याचे तीनच शब्द झाल्यावर फोन ठेवला. 'खूप तुटतंय गं. तुझं नेट नीट झालं की बोलू.'

तीन शब्द! पेपर पुढ्यात तसाच पडून आहे. इतकं वाईट वाटलं की एकटीने पुढचं सोडवावंसंही वाटलं नाही. आई गेल्यापासून त्यांचं माझ्याशिवाय आहे कोण? आणि माझी वाट एका भंगार डब्याने अडवायची?

ठरलं. बदलायचं म्हणजे बदलायचं. थांबरावांनी तुलनेचा कागद घडी करून ठेवला.

२२ मार्च

आलं! आलं! नवी तार, नवा डबा. काय वेग आहे! लेक घरभर नाचली. थांबराव मीटिंग संपवून बाहेर आले आणि म्हणाले, 'मी म्हणतच होतो, बदलायला हवं.' ऐकून घेतलं. आज सगळं माफ. कुंडी पुन्हा स्टुलावर.

कधी एकदा रविवार येतोय!

२४ मार्च, रविवार

काय लिहू?

चित्र लख्ख. इतकं लख्ख, की बाबांच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलेलं दिसलं. गालावर एका बाजूला दाढी राहून गेलेली दिसली. 'बाबा, बघा तरी किती स्वच्छ दिसतंय!' मी लहान मुलीसारखी ओरडले. 'हो गं, दिसतंय,' म्हणाले. हसले नाहीत.

आडवा चौथा शब्द. 'लाकूड गुळगुळीत करण्याचं हत्यार. दोन अक्षरी.' वाचतानाच मला हसू फुटलं. हा तर घरचाच! वाक्य संपायच्या आत बाबा उत्तर ओरडणार, म्हणून पेन टेकवूनच बसले.

बाबा थांबले.

तोंड अर्धवट उघडं, चष्मा नाकावर. झालं, मनात आलं, ही कंपनीही तसलीच! 'हॅलो' म्हणणार, तेवढ्यात त्यांच्या मागे लक्ष गेलं. खिडकीचा पडदा हलत होता. वाऱ्याने, सावकाश. बाहेर कुत्रं भुंकलं तेही ऐकू आलं. बाबांच्या पापण्या लवत होत्या. आणि उजवा हात टेबलावर पुढे-मागे, पुढे-मागे सरकत होता. रंधा मारावा तसा! हाताला माहीत होतं. शब्द तेवढा येत नव्हता.

मग कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले, 'पुन्हा वाच गं चिंगे. तुटलं.'

काहीही तुटलं नव्हतं.

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. 'पुढचा घे,' म्हणाले. मी पुढचा घेतला. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२६ मार्च

मास्तरांना फोन. 'मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे,' ते म्हणाले. मागच्याच महिन्यात बाबा स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी उभे होते म्हणे, कुठे वळायचं ते कळेना. मास्तरांना शपथ घातली – चिंगीला सांगू नका.

राग आलाय. खूप राग आलाय. सांगायचं ना मला! कंपनीला शिव्या घालू दिल्या, तारवाल्याला, थांबरावांना – आणि हे तिकडे गप्प. नेट खराब होतं तोवर बरं चाललं होतं त्यांचं. ती आडोशाची जागा मीच हौसेने काढून घेतली.

आणि मला म्हणे कुणी बनवू शकत नाही!

बाबांसाठी चार एप्रिलची डॉक्टरांची वेळ घेतली. तीन तारखेला मी गावी जाणार. बाबांना सांगायचं, चष्म्याचा नंबर तपासायला येतेय. नवरा या वेळी 'थांब जरा' म्हणाला नाही. माझी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली त्याने.

३१ मार्च, रविवार

फोन लागल्या लागल्या मीच म्हटलं, 'बाबा, ही नवीन कंपनीही तसलीच निघाली हो! आवाज तुटतोय.'

बाबांचा चेहरा सैल झाला. 'मी सांगत होतो ना तुला!' आणि हसले – किती दिवसांनी.

'सावकाश घेऊ,' मी म्हटलं. 'मला ऐकू यायला जरा वेळ लागतो.'